‘आम्ही’ म्हणायचं कुणी?

विरार सुटलं की डहाणू लोकलमध्ये श्वास घ्यायला जागा होते. मग मी हेडफोन घालतो आणि बहुतेक वेळा ‘द वारली रिव्होल्ट’ लावतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ ग्रुपचं २०१९ सालचं गाणं. आरेच्या केलटीपाड्यातले प्रकाश भोईर त्यात आहेत. विषय जंगलाचा, आणि त्यातून हुसकावल्या जाणाऱ्या माणसांचा. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत मेट्रो कारशेडसाठी झाडं पडायला लागली. वाणगाव येईपर्यंत माझी मान डोलत असते. मग रिक्षा, चिंचणी, जेवण, झोप. दुसऱ्याचा राग ऐकून मला इतकं बरं का वाटतं?

गाण्याचं नाव आमच्याच भागातून गेलेलं आहे. १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडे वारल्यांनी जमीनदारांची वेठबिगार नाकारली. मे महिन्यात झरीला सभा झाली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोदावरी परुळेकरांनी हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलाय. शाळेत मला वारली म्हणजे गेरूच्या भिंतीवरची पांढरी चित्रं, एवढंच ठाऊक होतं. घरापासून तासाभरावरचं बंड मला मुंबईच्या रॅपरांमुळे कळलं, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

हिप-हॉपमध्ये एक जुना नियम आहे: जगलास तेच बोल. न जगलेलं बोललास तर तू फेक. डिव्हाइन अंधेरीचं बोलतो, नेझी कुर्ल्याचं, एमसी स्टॅन पुण्याच्या ताडीवाला रोडचं. पण हा नियम काटेकोर पाळला तर ‘स्वदेसी’ने आरेवर बोलायलाच नको होतं. त्यांनी भोईरांना गाण्यात घेतलं, त्यांच्याबद्दल नुसतं बोलले नाहीत. मला हा फरक मोठा वाटतो. तमिळ रॅपर अरिवूचं ‘एन्जॉय एन्जामी’ (२०२१) त्याच्या आजीच्या, वल्लियम्मालच्या आयुष्यातून आलं. गाणं जगभर गाजलं आणि ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या कव्हरवर अरिवूच नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली. गोष्ट एकाची आणि फोटो दुसऱ्याचा, हे आपल्याकडे नवीन नाही.

बोलण्याची किंमत कोण देतं, हेही बघायला हवं. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर एका मराठी रॅपमुळे गुन्हा दाखल झाला. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. ते गाणं मीही तीन ग्रुपवर पाठवलं होतं, आणि माझ्या दाराशी कुणी आलं नाही. ऐकणाऱ्याचं हे असं असतं. धाडसाचा वाटा मिळतो, हप्ता भरावा लागत नाही.

आता माझंच सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. वाढवण आमच्या शेजारीच आहे, किनाऱ्यावरचे मच्छीमार कित्येक वर्षं विरोध करतायत. त्या आठवड्यात रात्री जागून मी सोळा ओळी लिहिल्या. समुद्र, जाळी, तारापूरच्या अणुऊर्जेसाठी उठवलेली अक्करपट्टी आणि पोफरण, सगळं होतं. शाळेतल्या एका मित्राला ऐकवल्या. तो मांगेला, घरची बोट आहे. शेवटपर्यंत ऐकून तो म्हणाला, “भारी आहे रे. पण तुमच्या वाडीला किती भाव आलाय?”

भाव आलाय. बाबांना दोनदा फोन येऊन गेलेत. आई म्हणते, विकून वसईला फ्लॅट घेऊ. मी काहीच म्हटलेलं नाही. प्रत्येक चौथ्या ओळीत मात्र ‘आम्ही’ लिहिलं होतं.

रॅप परक्यानेही करावा, असंच मला अजून वाटतं. नाहीतर प्रत्येकाने आपापल्या गल्लीपुरतंच बोलायचं, आणि ज्या गल्लीत माइक नाही ती गप्पच. पण परक्याने आपण कुठे उभे आहोत ते आधी सांगावं. माझ्या ओळींत तेवढंच गाळलेलं होतं.

ती फाइल फोनमध्ये तशीच आहे. ‘आम्ही’च्या जागी ‘ते’ घालून बघितलं, यमक मोडतं. ‘मी’ घातलं तर बसतं, फक्त पुढच्या ओळीत वाडी येते, आणि बाबांना आलेले फोन.