रस्ता सगल्यांचा
७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, भिवंडी पेटली. बाबा भाजीची पाटी तिथंच टाकून घरी आले. त्यांची गिऱ्हाईकं दोन्ही धर्मांची. महिनाभर बाजार तुटला. आजी म्हणाली, "देव ज्याचा त्याचा, पन रस्ता सगल्यांचा."

१९८४ ला पुन्हा तेच. पुढं पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या, हिंदू-मुसलमान एकत्र बसू लागले. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळाली, भिवंडी शांत राहिली.

घटनेचं २५ वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था सांभाळून. सरकारनं कुणाचा देव निवडू नये; रस्ता मात्र राखावा. तो नुसत्या लाठीनं राखता येत नाही. शेजाऱ्याचं नाव ठाऊक असावं लागतं.