झाकणाआडची रेघ

आमच्या गाडीखाली फरशीवर काळा डाग पडू लागला, तेव्हा प्रथम मी तो फरशीचाच दोष मानला. आठवडाभर त्या जागेवरून पोतेरे फिरवून मी स्वस्थ राहिलो. शेवटी हिनेच म्हटले, "अहो, आपल्या फरशीतून तेल निघत असते, तर आपण कशाला हो पेन्शनीची वाट पाहिली असती?" तेव्हा कुठे मी चष्मा सावरून गाडीखाली वाकलो.

गाडी लहान, चार सिलिंडरांची, पंधरा वर्षांची. ती या दिवाळीला मुलीला द्यायची ठरली होती. मुलगी साताऱ्याला असते. म्हणजे खंबाटकीचा घाट आला आणि मागच्या आसनावर दोन नातवंडे आली. तेल गळत होते ते एंजिनाच्या एका अंगाला असलेल्या झाकणाआडून, आणि त्या झाकणाआड टायमिंग बेल्ट असतो. एका तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत मी तीस वर्षे मुलांच्या हाती पाने दिले आहेत. गॅरेजात न नेता हे काम घरीच करायचे, असे मी ठरवले. पैसे वाचतात हे मी हिला सांगितलेले कारण. खरे कारण निराळे होते. हाताला अजून येते की नाही, हे मला पाहायचे होते.

हा बेल्ट म्हणजे आतून दाते असलेला रबराचा पट्टा. खाली क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वर कॅमशाफ्टने बरोबर एकदा फिरायचे, एवढेच तो सांभाळतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी एंजिन चालत असेल, तर कॅम सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो, आणि प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह आपापल्या क्षणी उघडावे-मिटावे लागतात. आमच्या गाडीसारख्या कित्येक एंजिनांत पिस्टन वर येतो ती जागा आणि उघडा व्हॉल्व्ह खाली उतरतो ती जागा एकच असते. दोघे तेथे आळीपाळीने येतात म्हणून संसार चालतो. पट्टा तुटला, की दोघे एकदम येतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. पूर्वीच्या फियाट आणि अँबॅसेडर गाड्यांत या कामाला साखळी असे. जर्मनीतल्या ग्लास कंपनीने 1962 मध्ये रबरी पट्ट्याची गाडी बाजारात आणली आणि पुढे तो प्रघात पडला. पट्टा हलका, स्वस्त आणि मुका. साखळी झिजली की खडखडाट करते, घरातल्या म्हाताऱ्यासारखी चार दिवस आधी कण्हते. पट्टा बहुधा कण्हत नाही. म्हणून तो धडधाकट दिसत असतानाच बदलावा लागतो. गाडीगाडीप्रमाणे साठ हजार ते एक लाख किलोमीटरला, किंवा काही वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा.

माझे पहिले अडखळणे येथेच झाले. माझी आई जुन्या लुगड्याची गोधडी करी, गोधडी विरली की तिचे पायपुसणे करी, आणि पायपुसण्याचे काय करावे याचाही तिला विचार पडे. वस्तू संपेपर्यंत वापरावी, हा आमच्या घरचा धर्म. काढलेला पट्टा मी उन्हात धरून पाहिला. खालच्या कडेला तेल पिऊन तो किंचित फुगला होता, पण बाकी दाते शाबूत. टाकवेना! मग विचार केला, लुगडे फाटले तर नेसणारीला कळते आणि ती ते बदलते. पट्टा घाटात तुटला, तर एंजिन बंद पडते, स्टिअरिंग जड होते, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा लागतो. आणि हे सोसायचे कोणी, तर ज्याने काटकसर केली त्याने नव्हे. काटकसर हा गुण आहे, यात शंका नाही. पण तुटण्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत पडत असेल, तर तिला गुण म्हणावे का, याबद्दल मी साशंक झालो आहे.

असो. काम सुरू केले. बॅटरीची तार सोडली, तेलाच्या टाकीखाली फळी ठेवून जॅकचा आधार दिला, एका बाजूचे माउंटिंग काढले. क्रँकच्या पुलीचा बोल्ट निघता निघेना. पान्यावर लांब नळी चढवून मी तिच्यावर अक्षरशः लोंबकळलो, तेव्हा तो कटकन सुटला आणि हिने स्वयंपाकघरातून देवाचे नाव घेतले. पट्टा काढण्यापूर्वी वरची आणि खालची खूण जुळवली, पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. मग सील. तेल बाहेर येऊ नये म्हणून फिरत्या दांड्याला वेढून बसलेले हे रबरी कडे. याची ओठासारखी पातळ कड दांड्याला लागून राहावी म्हणून आत बारीक स्प्रिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कड लाकडासारखी कडक झाली होती. वरच्या कॅमचे सील सुखाने निघाले. खालच्याला मी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावले. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, टोकाला चिंधी गुंडाळा, दांड्याला लावू नका. चिंधी बाजूलाच पडली होती. टोक निसटले आणि चकचकीत दांड्यावर एक रेघ उमटली.

रेघ केसाएवढी. डोळ्याला जेमतेम दिसे, पण नख फिरवले की अडे. तीही नेमकी सीलची कड जेथे टेकायची तेथे.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. झाकण लावले की ही रेघ जगात कोणालाही दिसणार नव्हती. आपल्याकडे एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात: देवळाचा कारागीर मूर्तीची पाठही कोरतो, कारण देव पाहतो. गोष्ट चांगली आहे. पण मूर्तीची पाठ ओबडधोबड राहिली, म्हणून कोणाचे पोर दरीत जात नाही. फळाची आशा न धरता काम करावे, हेही मी शाळेच्या व्यासपीठावरून सांगितले आहे. त्या दुपारी मात्र मला फळाखेरीज दुसरे काही सुचेना. रेघेतून तेल, तेलाने पट्टा मऊ, मऊ पट्ट्याचा दाता सुटला, की पुढचे सारे. कौशल्याची हौस माझी आणि जोखीम पोरांची, असा हा व्यवहार आहे हे काम हाती घेतानाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. गॅरेजवाल्याची चूक झाली असती, तर मी चारचौघांत त्याला बेजबाबदार म्हटले असते.

उपाय होता. बारीक पॉलिश पेपर दांड्याच्या भोवती फिरवून, लांबीच्या दिशेने नव्हे, रेघेची धार मारली. नवे सील तेल लावून, जुन्या सॉकेटने हळूहळू ठोकत, पूर्वीपेक्षा दीड-एक मिलिमीटर अलीकडे बसवले, म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर टेकली. ही युक्ती अप्रामाणिक नाही. चांगले मिस्त्रीही ती करतात. नवा पट्टा चढवला, ताण दिला, पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि दोन्ही खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. एंजिन पहिल्या झटक्याला सुरू झाले. हिने गाडीला हळदकुंकू लावले.

तरी मुलीला सांगायचे की नाही? सांगितले, तर ती उगाच घाबरेल. न सांगितले, तर मी निश्चिंत होईन. दोन्ही वाक्ये मी मनात पुष्कळदा उलटसुलट केली आणि लक्षात आले, की पहिले वाक्य दुसऱ्यासाठीच तयार केले आहे. माणूस दुसऱ्याच्या मनःशांतीची एवढी काळजी करू लागला, की त्याने आपले खिसे तपासावेत. शिवाय तिला माहीत नसेल, तर ती वाकून पाहणार नाही. आणि या रेघेवर खरा इलाज वाकून पाहणे हाच आहे.

रात्री फोन केला. सगळे सांगितले, चिंधीसकट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः बसाल का त्या गाडीत, घाटात?"

"बसेन. पण आठ दिवस रोज चालवून बघितल्यावर."

"मग आठ दिवस बघा. आणि आम्ही परत निघू तेव्हा तुम्ही दोघेही चला, भाऊबीज इकडेच करू. येताना तो पुठ्ठा घेऊन या."

आठ दिवस रोज सकाळी मी सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन येत असे आणि गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवीत असे. पुठ्ठा कोरा राहिला. खंबाटकीच्या चढावर मी मागे नातवंडांच्या मध्ये बसलो होतो; धाकटा विचारीत होता, की आजोबा, तुम्ही सारखे खिडकीबाहेर कान का करता. साताऱ्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आकाशकंदिलाच्या उजेडात मुलीने माझ्या हातातून पुठ्ठा घेतला, पदर खोचला आणि स्वतः वाकून तो गाडीखाली नीट सरकवला.