पाहणारा देव आणि पाहणारे यंत्र

“देव सर्व पाहतो आणि चौकातला कॅमेराही सर्व पाहतो, मग फरक काय?” बुऱ्हाणपूरच्या आमच्या शब्बाथशाळेत एका मुलाने हा प्रश्न विचारला. त्या दिवशी आम्हांला तो नीट सोडविता आला नाही.

पूर्वी कॅमेऱ्यामागे शिपाई बसत असे. आता यंत्रच चेहरे ओळखते व संशयित कोण हेही ठरवू पाहते. शेजारच्या महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये नागपूर येथे ‘मार्व्हल’ ही संस्था स्थापन केली. तपासात आणि गुन्हा घडण्यापूर्वी त्याचा अंदाज घेण्यात पोलिसांना कृत्रिम बुद्धीचे साहाय्य व्हावे, हा तिचा हेतू. हेतू वाईट नाही. हरवलेले मूल अशा यंत्रामुळे सापडले, तर कोणती आई तक्रार करील?

पण थोडा हिशेब करून पाहा. समजा, एका स्टेशनातून दिवसाला १,००,००० माणसे जातात, त्यांत १० गुन्हेगार आहेत आणि यंत्र शंभरांत एकदाच चुकते. तरी त्या दहांबरोबर सुमारे १,००० निरपराधी संशयित ठरले! अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने २०१९ मध्ये चेहरे ओळखणाऱ्या १८९ पद्धती तपासल्या. त्यांतील पुष्कळांत आशियाई व आफ्रिकी वंशाच्या लोकांविषयी अशी चूक अधिक होते, असे आढळले. तोंड पाहून न्याय करण्याची खोड यंत्रालाही लागली म्हणायची.

आता हागारेची गोष्ट घ्या (उत्पत्ति १६). रानात पळालेल्या त्या दासीला दूताने नावाने हाक मारली, कोठून आलीस, कोठे जातेस, असे विचारले आणि तिचे उत्तर ऐकून घेतले. म्हणून तिने देवाला पाहणारा म्हटले. यंत्र काही विचारीत नाही. दानीएलावर पाळत ठेवणारे अधिकारीही पाहतच होते, पण दोष सापडावा म्हणून.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले. परंतु २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात देशाची सुरक्षितता व सुव्यवस्था यांसाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. तेव्हा पाहणाऱ्यावर नजर कोणाची?

आमच्या मंडळीतही कॅमेरा बसविण्याची सूचना आली आहे. दानपेटीपुरता बसवावा, आमची हरकत नाही. दारावर मात्र नको, असे आम्ही म्हटले. निकदेम प्रभूकडे रात्री आला होता. “लपविण्यासारखे काही नसेल, तर भीती कशाची?” असे एका वडीलजनांनी विचारले. आम्ही त्यांना मत्तय ६ मधील दार लावून करावयाच्या प्रार्थनेचा दाखला दिला. त्यांना तो पटलेला दिसला नाही. कमिटीची सभा पुढील रविवारी आहे.