सुई विकावी की न विकावी?

औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे एक बिकट प्रश्न उभा राहतो. शिरेत मादक द्रव्य टोचून घेणारा मनुष्य दुकानी येऊन कोरी सुई मागू लागला, तर ती त्यास विकावी काय? सुई देणे म्हणजे व्यसनास हातभार लावणे होय, असे त्यांपैकी कित्येकांस वाटते. ही शंका सद्हेतूची आहे. तिचा उपहास करणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु सुई नाकारल्याने व्यसन सुटत नाही. तो मनुष्य दुसऱ्याची वापरलेली सुई घेतो, आणि तिच्यातील रक्ताबरोबर एड्सचे व काविळीचे जंतू त्याच्या अंगी, पुढे कदाचित त्याच्या निरपराध पत्नीच्याही अंगी, शिरतात.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९९२ साली डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून एका वेळी दहा सुया विकण्याची मोकळीक मिळाली. तेथील पाहणीत एकमेकांच्या सुया वापरणारे व्यसनी पूर्वी शेकडा ५२ होते, ते पुढे ३१ वर आले.

तेव्हा दोषास संमती देणे निराळे, व दोषी मनुष्यास मरणापासून राखणे निराळे, असे आमचे मत आहे. मात्र सुई देऊन विक्रेत्याने तोंड फिरवू नये. दोन ममतेचे शब्द बोलून उपचाराची वाटही दाखवावी. जो जिवंत राहील, तोच एके दिवशी त्या वाटेने परतेल.