सावित्रीबाईंचे कुळ कोणते?

इटियाडोह धरणाच्या परिसरात नाते मोजण्याची एकच रीत नाही. गोंड समाजात सोयरीक जुळवताना आधी देव विचारतात: चार, पाच, सहा की सात? देवसंख्या सारखी निघाली की आडनावे वेगळी असली तरी ते भाऊबंद, आणि भाऊबंदांत लग्न होत नाही. जवळच गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या बौद्ध परंपरेत भिक्खूचा वारसा त्याचा शिष्य पुढे नेतो. रक्ताचा धागा दाखवता आला नाही म्हणून दोन्हीकडे कुळ मोडत नाही. स्त्रीशिक्षणाची पायवाट पाडणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे घराणे शोधताना हेच ध्यानात ठेवावे लागते. कुळ जन्माने मिळते की पत्करलेल्या कर्तव्याने घडते, हा मुळात धर्माचा प्रश्न आहे. ते कर्तव्याने घडते, असे उत्तर सावित्रीबाईंनी जगून दिले.

रक्ताची वंशावळ लिहायला बसले तर ती चार ओळींत संपते. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही लेक १८३१ साली जन्मली, १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न होऊन फुल्यांच्या घरी आली, आणि तिला मूल झाले नाही. पुढचा वंश आला तो बालहत्या प्रतिबंधक गृहातून. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये ते उघडले होते. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेतापुढे न्यायचे मडके, कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी यशवंतच्या हक्काला हरकत घेतली. सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले, प्रेतापुढे चालल्या आणि अग्नीही दिला. ज्या विधीत वंशाचा हक्क सर्वांत कडकपणे तपासला जातो, तिथेच एका बाईने तो हक्क बजावला.

यावर कोणी म्हणेल, दत्तकाची सोय तर शास्त्रातच होती, मग यात नवे काय? नवे आहे ते हेतूत आणि निवडीत. शास्त्राला दत्तक हवा तो पिंडदानासाठी आणि वंशनामासाठी, आणि तो सजातीय असावा असा आग्रह. फुल्यांनी जातीची रेघ ओलांडली, समाजाने पापाचे ठरवलेले मूल उचलले, आणि पुरोहिताच्या पिंडदानावर तर त्यांचा विश्वासच नव्हता. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: कर्तव्यच कुळ असेल तर वारस हवाच कशाला? त्याचे उत्तर जोतीरावांच्या १८८७च्या मृत्युपत्रात आहे. वारस यशवंतच, पण तो लायक निघाला नाही तर दुसरा लायक मुलगा निवडावा, अशी तजवीज त्यांनी केली. मुलगा असणे पुरेसे नव्हते. मुलगेपण निभवावे लागणार होते.

यशवंतने ते निभवले. तो डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात पुण्याजवळ हडपसर भागात मायलेकांनी रोग्यांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंना लागण झाली, आणि १० मार्चला त्या गेल्या. तरीही एक शंका उरते. कर्तव्याला एवढे मोठे केले तर जन्म देणारी आई पुसली जाणार नाही का? पुसली जाऊ नये, आणि फुल्यांच्या घरात ती पुसली गेलीही नाही. यशवंत काशीबाईंचा मुलगा हे आज सर्वांना ठाऊक आहे. म्हणून सावित्रीबाईंची वंशावळ लिहिणाऱ्याने नेवसे आणि फुले या नावांवर थांबू नये. यशवंतच्या वर दोन आया लिहाव्यात: एकीने त्याला जन्म दिला, दुसरीने त्या जन्माची लाज समाजाच्या पदरात टाकून त्याला आपला म्हटले. यांपैकी एकीचेही नाव गाळणारी वंशावळ अपुरी राहील, आणि ज्या अन्यायाविरुद्ध हे घर उभे राहिले तोच अन्याय ती पुन्हा करील.