जाहिरात फाड आणि पुन्हा लिही

काल तुझ्या गॅरेजमध्ये मी तोंडातून शब्द काढला नाही. तुझी लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग फिरवत होती आणि तुझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. विद्यार्थ्याला त्याच्या मुलाबाळांसमोर झापायचं नाही, एवढा नियम मी आयुष्यभर पाळला. आता त्या दोघी समोर नाहीत. आता नीट ऐक.

तू जाहिरातीचा मसुदा माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, ‘सर, जरा भाषा तपासा.’ भाषा तपासली. भाषेत चूक नाही. मजकूर खोटा आहे.

‘१९७० शेव्हेल एसएस, एलएस इंजिन, ४३ हजार मूळ मैल, गंज नाही, किरकोळ रिस्टोरेशन बाकी.’ या ओळीत गाडीचं साल आणि नाव सोडलं तर धड एक गोष्ट नाही. आणि तुला ते ठाऊक आहे, म्हणून मला जास्त राग आहे. ज्याला कळत नाही त्याला मी शिकवतो. तुला मी शिकवलेलं आहे.

एसएसपासून सुरुवात करू. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, काचेतून दिसते ती पट्टी वाच. १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे व्ही-८ मलिबू, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, पुढचं शून्य म्हणजे १९७०, आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना. त्या वर्षी एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतंच, मलिबूवर घ्यायचं ते एक पॅकेज होतं. त्यामुळे खऱ्या एसएसची पट्टीही अशीच असते आणि साध्या मलिबूचीही अशीच. नंबरावरून कोणाला कळणार, या एका फटीतून तू आत शिरलास. पण १९७०च्या एसएसमध्ये ३९६ किंवा ४५४ याखेरीज इंजिन नव्हतं, आणि तुझ्या गाडीचं मूळ इंजिन ३०७ आहे. ते तुझ्याच गॅरेजच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली पडलंय. उजव्या हेडखाली पुढच्या बाजूला ब्लॉकवर जो सपाट पट्टा असतो, तो मी काल फडक्याने पुसला. त्यावर या गाडीच्याच नंबराचा तुकडा ठोकलेला आहे. एसएसला पुढे डिस्क ब्रेक यायचे, तुझ्या गाडीला ड्रम आहेत. आडवा पट्टीसारखा स्पीडोमीटरही साध्या मलिबूचा. बाजारातून दोन बिल्ले आणून फेंडरला भोकं पाडली म्हणून मलिबूची एसएस होत नाही.

मागे एकदा तू मला ऐकवलं होतंस की जनरल मोटर्सनेही तेच केलं, १९७०मध्ये ३९६चा बिल्ला लावून आत ४०२ घनइंचांचं इंजिन बसवलं. खरं आहे ते. पण कंपनीने दिलं जास्त आणि सांगितलं कमी. तू देतोयस कमी आणि सांगतोयस जास्त. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नकोस.

आता ते ‘एलएस इंजिन’. १९७०च्या शेव्हेलशेजारी ‘एलएस’ ही दोन अक्षरं दिसली की या गाड्यांवर जीव टाकणारा माणूस काय वाचतो? एलएस-६. ४५४ घनइंच, ४५० हॉर्सपॉवर. त्या इंजिनासाठी लोक घर गहाण टाकतात. तुझं इंजिन पिकअप ट्रकमधलं ५.३ लिटरचं, भंगारवाड्यातून आणलेलं. १९९७मध्ये कॉर्व्हेटपासून जे नवं घराणं सुरू झालं, त्यालाही एलएसच म्हणतात, म्हणून अक्षर खोटं नाही असं तू म्हणशील. अक्षर खोटं नाही, बोलणं खोटं आहे. ‘पिकअपचं ५.३’ हे दोन शब्द लिहायला तुला जागा कमी पडली नव्हती.

गाडीत बदल केलास याचा मला राग नाही, हे नीट समजून घे. मी त्या जुनाट मास्तरांपैकी नाही जे कारखान्यातून आला तोच बोल्ट हवा म्हणून हटून बसतात. मसल कार ही जातच बदलातून जन्माला आली. १९६४मध्ये पॉन्टिअॅकच्या मंडळींनी मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन बसवलं आणि जीटीओ झाली. मधल्या गाडीत एवढं मोठं इंजिन बसवायला जनरल मोटर्सच्याच नियमाने बंदी होती. ते इंजिन पर्याय म्हणून यादीत घालून त्यांनी वाट काढली. पुढे इथे डेट्रॉइटच्याच वुडवर्ड अॅव्हेन्यूवर पोरांनी रात्री-रात्री गाड्या पळवल्या, शनिवारी इंजिन उतरवलं आणि रविवारी दुसरं चढवलं. तुझं ५.३ चांगलं इंजिन आहे. थंडीत एका चावीला सुरू होतं, पेट्रोल कमी पितं. त्याची लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. मग ते एसएसच्या बिल्ल्यामागे का लपवलंस?

आणि तो कागद. पेट्रोलची टाकी उतरवलीस तेव्हा टाकीच्या माथ्यावर चिकटलेला, उंदरांनी कुरतडलेला पिवळा कागद सापडला आणि तू तो कचऱ्यात टाकलास, हे काल तू हसत हसत सांगितलंस. ती बिल्ड शीट होती. कारखान्यात गाडी असेंब्ली लाइनवरून पुढे सरकताना कामगारांनी जिच्यावरून एकेक भाग निवडला, ती यादी. पन्नासहून अधिक वर्षं तो कागद या गाडीच्या पोटात टिकला आणि तुझ्या हाती आल्यावर एक दिवस टिकला नाही. त्या कागदावर एसएसचा कोड नसणार, हे तुला तेव्हा माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. तू स्वतःला विचार.

मैलांचं थोडक्यात सांगतो. मीटर पाच आकडी आहे, लाख मैल झाले की पुन्हा शून्यावर येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय. ४३ हजार की १ लाख ४३ हजार, तुला ठाऊक नाही. मग ‘मीटरवर ४३ हजार दिसतात’ एवढंच लिही.

आता गंज. ‘गंज नाही’ हे शब्द वाचून मी खिशातला लोहचुंबक काढला, तू पाहिलंस. रुमालात गुंडाळून मागच्या डाव्या फेंडरवर ठेवला. वरच्या भागात चिकटला. चाकाच्या कमानीजवळ आणला आणि तो घसरून खाली पडला. दुसऱ्यांदा ठेवला, दुसऱ्यांदा पडला. तिथे पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे पुट्टी. बोटभर जाडीची लांबी, वर प्रायमर, वर तो चकचकीत निळा रंग. मागच्या काचेखाली विनाइलच्या छतावर दोन फुगे आहेत, पापडावर येतात तसे. विनाइल पाणी धरून ठेवतं, ते पाणी काचेच्या कडेने डिकीत उतरतं आणि डिकीच्या दोन्ही कोपऱ्यांत साचतं. चटई उचलली तेव्हा कोपऱ्यात बोट घातलं, ओलं निघालं. त्यावर तू नवा ठिपक्यांचा रंग फवारला होतास.

ही गाडी जन्मली बाल्टिमोरला, पण उमेदीची वर्षं तिने मिशिगनच्या हिवाळ्यात काढली. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे, आणि दर हिवाळ्यात इथले रस्ते मिठाने पांढरे होतात. त्या मिठातून गेलेल्या पत्र्याला काय होतं, हे मी तुला शिकवायला हवं का? चासीला तू काळं डांबर फासलंस. मी खाली वाकून हातोडीने टिचकी मारली. पुढे टण्ण वाजलं. मागच्या अॅक्सलवर जिथे चासी कमानीसारखी वर चढते, तिथे भद्द आवाज आला. त्याच जागेच्या जवळ मागचे कंट्रोल आर्म चासीला बसतात. तो आवाज तूही ऐकलास. तुझी नजर खाली गेली, ती मी पाहिली.

तुला पुण्याचं फिटिंग शॉप आठवतं? पहिल्या वर्षाचा डव्हटेलचा जॉब. तुझ्या दोन तुकड्यांत फट राहिली होती. तू ग्रीसमध्ये लोखंडाचा कीस कालवलास, फटीत दाबून भरलास, वर फाइल फिरवलीस आणि टेबलावर आणून ठेवलास. मी गुण्या लावला नाही. तुकडा नुसता खिडकीकडे धरला आणि अंगठ्याने दाबला. ग्रीस बाहेर आलं. तू रडलास. मी तुला नापास केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा तुकडा देऊन स्वतः तुझ्या शेजारी उभा राहिलो. तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास, भीतीपोटी केलंस. आज चाळिशी उलटलीय. आज कशाची भीती आहे? चार हजार डॉलर कमी येतील याची?

सगळ्यात जास्त राग मात्र ज्या गोष्टीचा आला, ती जाहिरातीत नाहीच. बॉनेटखाली पेट्रोलचा पाइप पाहिला. जुन्या कार्ब्युरेटरच्या वेळचा पंप पाच-सात पीएसआयने पेट्रोल ढकलायचा. या इंजेक्शनच्या इंजिनाला ५८ पीएसआयच्या आसपास लागतात. टाकीतला पंप तू नवा घातलास, ते बरोबर केलंस. पण शेवटचा दीड फूट तोच जुना रबरी पाइप ठेवलास आणि वर साधी पट्टीची क्लिप आवळलीस. रबराला टाचेला पडतात तशा भेगा आहेत, आणि तो पाइप तापलेल्या एक्झॉस्टपासून चार बोटांवरून जातो. दोनशे हॉर्सपॉवरच्या जागी तीनशेच्या घरातलं इंजिन बसवलंस आणि पुढचे ड्रम ब्रेक तसेच ठेवलेस. अशी गाडी तू विकणार, घेणारा चावी फिरवणार आणि हायवेने घरी निघणार. त्याच्याही गाडीत कोणीतरी बसलेलं असेल. काल तुझी लेक बसली होती तशी.

‘सर, जाहिरातीत “जशी आहे तशी” असं लिहिलंय ना,’ एवढं म्हणून तू हात वर केलेस. ते शब्द तुला न दिसलेल्या दोषांसाठी आहेत. तू स्वतःच्या हाताने झाकलेल्या दोषांसाठी ते नाहीत, आणि इथलं कोर्टही ते तसे मानत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ उघडणार आहे दुसऱ्याच्या दारात, आणि भोगणार तो.

माझ्या संध्याकाळच्या बॉडी शॉपच्या वर्गात एक मुलगा यायचा, रात्रपाळीला गोदामात काम करणारा. तीन वर्षं पैसे साठवून त्याने एक जुनी गाडी घेतली आणि मोठ्या हौसेने वर्गात आणली. आम्ही मागच्या फेंडरचा रंग खरवडायला घेतला. लांबीखाली वर्तमानपत्राचे बोळे निघाले. पत्र्याच्या भोकात कागद कोंबून कोणीतरी वर लांबी फिरवली होती. तो मुलगा गुडघ्यांवर बसून एकेक बोळा बाहेर काढत होता आणि सरळ करून वाचत होता. त्याला तारीख शोधायची होती, कोणत्या साली आपल्याला फसवायची तयारी झाली ती. कोणी हसलं नाही. त्या रात्री मी वर्ग लवकर सोडला. ती लांबी लावणाऱ्या माणसालाही कोणीतरी कधीतरी हे काम शिकवलं असेल. तो शिकवणारा मी नसावा, एवढीच माझी तेव्हा इच्छा होती. आता तुझ्या बाबतीत तो मीच आहे.

तेव्हा ती जाहिरात फाड आणि पुन्हा लिही. १९७० शेव्हेल मलिबू, बाल्टिमोर. मूळ ३०७ इंजिन आणि गिअरबॉक्स सोबत देणार, ब्लॉकवर गाडीचाच नंबर. सध्या पिकअपचं ५.३ लिटर. एसएस नाही. मागच्या दोन्ही फेंडरांत लांबी, डिकीचा तळ आणि मागच्या काचेची कड गंजलेली, चासी मागे कापून जोडावी लागेल. पुढे ड्रम ब्रेक. मैल नक्की माहीत नाहीत. रिस्टोरेशनचं मोठं काम बाकी. फोटोत चकचकीत निळा दरवाजा दाखवू नकोस, चुंबक घसरलेली जागा दाखव, डिकीचा कोपरा दाखव, चासीवरचं डांबर खरवडून फोटो काढ. उतरवलेला एकेक भाग डब्यात घालून वर चिठ्ठी लाव. ३०७ भंगारात देण्याचा विचार सोड. किंमत कमी येईल, येऊ दे. काम करायला उत्सुक असलेला माणूस अशीच गाडी शोधत असतो, आणि त्याला आधी सगळं कळलं तर तो तुझे आभार मानून नेतो. नंबराच्या पट्टीला मात्र हात लावायचा नाही. रिव्हेट गंजलेत म्हणून बदलू का, असं काल तू विचारलंस. ती पट्टी उचकटणं हा इथे केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे.

शनिवारी सकाळी सात वाजता मी येतो. जॅक आणि चार स्टँड बाहेर काढून ठेव. तोवर गाडी चालवू नकोस. इंजेक्शनचा पाइप आणि क्लिपा मी आणतो. तो बदलल्याशिवाय गाडी कोणालाही दाखवायची नाही. फेंडरवरचे बिल्ले माझ्या आधी उतरलेले असू देत, आणि त्यांची भोकं बुजवू नकोस. लेकीला लवकर उठव. चासीखाली टॉर्च धरायला कोणीतरी लागेल.