शपथ वारशात मिळते काय?

१९५६ सालात नागपुरात दोन बदल झाले. १४ ऑक्टोबरला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर बाबासाहेबांनी भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली अन् मग लाखो माणसांना स्वतः २२ प्रतिज्ञा दिल्या. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला.

माझा आजा दोन्ही बदलांत होता. राज्य बदललं तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. मैदानावर मात्र तो स्वतःच्या तोंडानं बोलला.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. १९५०च्या आदेशात बौद्ध बसत नव्हता. केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत अडल्या. तरी आजा मागं फिरला नाही.

अन् मी? मी जन्मानंच बौद्ध. रिंग खात्यात रात्रपाळीला तुटलेलं सूत जोडताना हेच डोक्यात फिरते : जन्मानं चिकटते म्हणून आपण जात नाकारली. मग जन्मानं मिळालेला धम्म माझा काहून?

परवा जेवणाच्या सुट्टीत झाडूवाला जवळ बसला. माझा हात आपोआप डबा सरकवून मोकळा झाला. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. सगळी माणसं समान, ही प्रतिज्ञा घरात भिंतीवर टांगली आहे. हातात उतरली नव्हती.

मित्रांनो, वारशात शपथेचे शब्द मिळतात. शपथ ज्याची त्यानंच घ्यावी लागते. दुसऱ्या रात्री मी डबा उचलला अन् त्याच्यापाशी जाऊन बसलो. माझं १९५६ तिथून सुरू झालं.